कल्याण समुद्रावर नेण्याचा ठराव

सर्व संबंधितांना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, ठाणे, डोंबिवली आणि खडवली या तीन गावांच्या संयुक्त समितीने, नौपाड्यातल्या एका दातांच्या दवाखान्यात, दुपारच्या बंद वेळेत, एका सभासदाला रुग्णाच्या खुर्चीत आडवं करून आणि दोघांनी स्टुलांवर बसून, सर्वानुमते असा ठराव केला आहे की, कल्याण हे चार दिवसांसाठी उचलून समुद्रकिनारी नेण्यात यावे. हरकती विचारात घेतल्या जाणार नाहीत. खुद्द कल्याणची तर मुळीच नाही.

दचकायचं कारण नाही. गाव जागेवरच आहे, खाडीसकट. कल्याण हा आमचा मित्र. चौतीस वर्षांपूर्वी ठाण्याच्या एका कॉलेजात आम्ही चौघं अकरावीला एका बाकावर आलो, तेव्हा जो ज्या स्टेशनावरून यायचा त्या स्टेशनाच्या नावाने त्याला हाक मारायची पद्धत पडली आणि ती सुटलीच नाही. ठाणे दातांचा डॉक्टर झाला. घर त्याने घोडबंदर रोडला सव्विसाव्या मजल्यावर घेतलं, पण दवाखाना नौपाड्यात वडिलांच्याच जागेत ठेवला, म्हणून नाव टिकलं. खडवली शाळेत गणित शिकवतो, अजून खडवलीतच राहतो आणि दिवसाला मोजून चाळीस वाक्यं बोलतो. मी डोंबिवली. माझा पत्रिका छापायचा व्यवसाय आहे. लग्न, मुंज, वास्तुशांत, साठीशांत. त्यामुळे साधा निरोपसुद्धा माझ्या तोंडून जाहीर निवेदन होऊन बाहेर पडतो. ही धंद्याची खोड आहे, वाचकांनी सांभाळून घ्यावं.

आणि कल्याण. औषधांच्या कारखान्यात तो गोळ्या तपासायचा. हजार गोळ्यांतली एक टवका उडालेली गोळी त्याला लांबून दिसायची, पण स्वतःच्या शर्टाची बटणं वरखाली लागलेली दिसायची नाहीत. ती वहिनींना दिसायची. जिन्यात त्याला थांबवून, बटणं काढून परत लावून, मग त्या त्याला आमच्या ताब्यात द्यायच्या. जणू एखादी वस्तू तपासून, पावती फाडून पाठवतायत.

वहिनी गेल्या फेब्रुवारीत गेल्या. सतरा दिवसांचं आजारपण. मुलगी हैदराबादला असते, लग्नानंतर तिकडेच, आणि आता तिला दिवस गेलेले. तेव्हा कल्याण पश्चिमेच्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात तो एकटा, आणि फेब्रुवारी परत येत होता. समितीची बैठक बसली ती ह्यासाठी. ज्या तारखेला वहिनी गेल्या, ती तारीख पुढच्या आठवड्यातल्या शनिवारी येत होती. त्या दिवशी त्याला त्या घरात एकटं ठेवायचं नाही, एवढाच ठराव होता.

"गुरुवारी निघू, रविवारी परत," ठाणे खुर्चीतून झोपल्या झोपल्या म्हणाला. रुग्णाच्या खुर्चीत तोच पडलेला. त्याच्या मते त्या खुर्चीइतका आराम ठाणे जिल्ह्यात दुसरीकडे नाही.

"नेहमीच्या काकूंकडे दोन खोल्या सांगतो," मी म्हटलं.

"तिथे गेल्यावर वहिनींचा विषय काढायचा?" खडवलीने विचारलं.

ह्या प्रश्नावर समितीने पाच मिनिटं विचार केला. मग ठरलं की नाही काढायचा. वर्षभर आम्ही काढला नव्हता. त्याला त्रास होईल म्हणून आम्ही त्याच्यासमोर इतके जपून बोलायचो की 'स्वयंपाक' हा शब्द आला तरी ठाणे खोकायचा. चार दिवस त्याला हसवत ठेवायचं, आणि हसवण्याचं खातं अर्थातच माझ्याकडे. मी म्हटलं, काळजी नको, माणूस हसून हसून बरगड्या धरेल. समोसे आले, खोल्यांचा फोन झाला, आणि त्या मंगळवारी दुपारी आम्ही तिघं जग जिंकल्यासारखे दवाखान्याच्या पायऱ्या उतरलो.

दोनच दिवसांनी, गुरुवारी सकाळी, कल्याणचा फोन आला. मी मशीनवर होतो, एका मुंजीच्या पत्रिकेत मामांचं नाव राहिलं म्हणून घरचे लोक समोर उभे होते.

"डोंबिवली, मी घर देतोय," तो म्हणाला. "शेजारी वर्षभर मागे लागलाय, दोन्ही घरं एक करायची आहेत त्याला. हो म्हटलं. मी मुलीकडे जातो."

"कायमचा?"

"घर दिल्यावर कायमचाच ना."

मी मामांना तसंच ठेवून बाहेर आलो. हा माणूस वर्षभर मुलीला नाही म्हणत होता. माझी माणसं इथे आहेत, म्हणायचा. ही 'माणसं' म्हणजे आम्ही तिघं, हे सांगताना मला अजून छाती थोडी फुगवावीशी वाटते. मग एका आठवड्यात असं झालं काय? मी विचारलं. तो म्हणाला, "काही नाही रे, ठरवलं." समुद्राचं सांगितलं तर लगेच हो म्हणाला. "होऊन जाऊ दे. जायच्या आधी एकदा."

आता ठरावाचं वजन बदललं. नुसता शनिवार निभवायचा नव्हता, माणूस थांबवायचा होता. करारावर सह्या आम्ही समुद्रावरून परत आल्यावरच्या आठवड्यात होत्या. चार दिवसांत त्याला असं वाटलं पाहिजे की ह्यांना सोडून कुठे जायचं, असा आमचा हिशेब. ठाणे म्हणाला, "दात हलतोय, पण अजून हिरडीत आहे. वाचवता येईल."

गावाचं नाव मी सांगणार नाही. सांगितलं की पुढच्या हिवाळ्यात खोली मिळणार नाही. रत्नागिरी जिल्ह्यात आहे इतकं पुरे. सुरूच्या बनामागे काकूंचं घर, घरामागे दोन खोल्या, मध्ये एक विहीर. बावीस वर्षं आम्ही चौघं हिवाळ्यात तिथे जातो. बायका कधी आल्या नाहीत. वहिनींचं तर स्पष्ट मत होतं की वाळू हा पाहुणा एकदा घरात आला की सहा महिने जात नाही. आम्ही परत आलो की त्या आम्हाला दारात उभं करायच्या, खिसे उलटे करायला लावायच्या आणि चपला एकमेकींवर आपटायला लावायच्या. चार मोठी माणसं, त्यात एक डॉक्टर आणि एक मास्तर, कल्याणच्या जिन्यात खिशांची अस्तरं बाहेर काढून उभी.

ह्या खेपेला पहिल्याच संध्याकाळी आम्ही पाण्यातून परत आलो तर कल्याण खोलीच्या पायरीवर बसलेला. त्याने आमच्या चपला घेतल्या, एकेक जोड एकमेकांवर आपटला, वाळू काढली आणि ओळीने लावून ठेवल्या. मग आमचे टॉवेल झटकून दोरीवर घातले, चारही काठ सारखे करून. त्याच्या शर्टाची बटणं बरोबर लागलेली होती. मी एक विनोद तयार करून आणलेला, चांगला होता, तो गिळला.

आणखी एक वाईट लक्षण दिसलं. तो थँक्यू म्हणायला लागला होता. ठाण्याने पाणी दिलं, थँक्यू. खडवलीने सरकून जागा दिली, थँक्यू. मी टॉर्च धरला, थँक्यू. चौतीस वर्षांत ह्या माणसाने आमच्या डब्यातलं खाल्लं, आमच्या सायकली मोडल्या, माझ्या लग्नात माझ्याच बुटांवर उभा राहून फोटो काढला, पण असं कधी बोलला नव्हता. रात्री ठाणे मला म्हणाला, "पेशंट पहिल्यांदा येतो ना, तेव्हा असा बोलतो."

शुक्रवारी मी माझं खातं उघडलं. कॉलेजातले रसायनाचे सर केले, नाकात बोलणारे. काकूंच्या शेजारच्या कोंबड्याचं लग्न लावून त्याची पत्रिका तोंडी छापली, आहेर आणू नये अशी तळटीप टाकून. ओहोटीच्या ओल्या वाळूवर आम्ही कबड्डी खेळलो. पन्नाशीच्या चार माणसांनी कबड्डी खेळणं ही पाहण्यापेक्षा ऐकण्याची गोष्ट आहे. दम लागलेला असतो, आणि 'कबड्डी'तला पहिला 'क' म्हणेपर्यंतच श्वास संपतो. ठाणे पडला. खडवली त्याच्यावर पडला. कल्याण हसला. पण तो हसला ते जिथे हसायचं असतं तिथे, आणि थांबला तेही बरोबर वेळेवर. मी तीस वर्षं लोकांना हसवतोय. सौजन्याने हसलेलं मला पाठ फिरवूनही कळतं.

नंतर तो सुरूच्या सावलीत समुद्राकडे तोंड करून बसला. पाणी खूप आत गेलेलं. ओल्या वाळूवर खेकड्यांनी गोळ्यांची नक्षी केलेली, शेकडो गोळ्या, एकाच मापाच्या. तो वाकून त्या बघत होता. मला वाटलं जुनी नोकरी आठवली असेल. मी जवळ जाऊन म्हटलं, "काय, माल पास आहे का?"

"सगळा पास," तो म्हणाला. "थँक्यू रे, आणलंत मला."

शनिवार उजाडला. पहाटे मी लघवीला उठलो तर विहिरीच्या कठड्याआड खडवली उकिडवा बसलेला. पुढे एक मेणबत्ती. वाऱ्याने विझत होती आणि तो दोन्ही हातांचा आडोसा करून परत पेटवत होता. त्याच्या घरी, गेलेल्या माणसासाठी तारखेला बुद्धवंदना घेतात. इथे तो एकट्यानेच हळू आवाजात म्हणत होता. मी पाऊल न वाजवता मागे फिरलो.

सकाळी समितीने कामाला जोर दिला. होडीतून डॉल्फिन बघायला गेलो. होडीवाल्या दादांनी आधीच सांगितलेलं की दिसले तर दिसले. दिसले नाहीत. मी होडीतच डॉल्फिनची भूमिका केली. दादा म्हणाले, "तुमच्यासारखा मोठा नाही येत आमच्याकडे." सगळे हसले. कल्याणही हसला, थोडा जास्त. मला धीर आला. मी ठाण्याला डोळ्याने खूण केली की दात बसतोय.

दुपारी जेवायला बसलो. काकूंच्या ओट्यावर पाट, समोर ताटं. काकू साठीच्या पुढच्या, बोलायला सडेतोड. त्यांनी पहिलं ताट कल्याणसमोर ठेवलं. सुरमईची तळलेली तुकडी, कालवण, सोलकढी. मग आम्हा तिघांसमोर तीन ताटं. वरण, भात, बटाट्याची भाजी, लिंबाची फोड.

कल्याणने त्याच्या ताटाकडे बघितलं, मग आमच्या. "हे काय?"

काकू कमरेवर हात ठेवून उभ्या. "मला विचारू नका. सकाळी एकेक जण चोरासारखा चुलीपाशी आला. पहिले हे डॉक्टर, मग हे मास्तर, मग हे बडबडे. तिघांनी वेगवेगळं सांगितलं, आज मला मासे नकोत, दुसऱ्यांना सांगू नका. तुमच्यात आज आहे काय?"

हे आम्ही ठरवलं नव्हतं. ज्याने त्याने आपापल्या मनानेच केलेलं. आम्ही तिघांनी एकमेकांकडे बघितलं, आणि मग ज्याला जे सुचलं ते तो बोलला.

"पोट," मी म्हटलं.

"दात," ठाणे म्हणाला.

खडवलीला खोटं बोलता येत नाही. तो भाताकडे बघत राहिला.

कल्याणने खिशातून फोन काढला, त्यावर नुसती नजर टाकली आणि ठेवून दिला. "अच्छा," तो म्हणाला. "आज ती तारीख आहे होय."

काकू आत गेल्या. मग कल्याण अगदी साध्या आवाजात, कुणाला पत्ता सांगावा तसं, म्हणाला, "वर्षश्राद्ध झालं. तिथीने येतं ना ते. अकरा दिवस झाले. मंगळवारी."

मंगळवार म्हटल्यावर ठाण्याचा हात ताटाच्या काठावर थांबलेला मला दिसला.

"गुरुजी आलेले," तो म्हणाला. "मुलीला प्रवास नाही चालत, म्हणून मीच केलं सगळं. खालच्या मजल्यावरच्या काकी येऊन रांधून गेल्या. खीर, वडे, आमसुलाची चटणी, सगळं. मी पाच पानं मांडली. एक गुरुजींचं, एक माझं, तीन तुमची."

"अरे, पण सांगितलं नाहीस," ठाणे म्हणाला.

"आमच्याकडे श्राद्धाला बोलवत नाहीत. माझे वडील म्हणायचे, ज्याला आठवण असते तो येतो." त्याने सुरमईचा काटा बोटाने बाजूला काढला. "गच्चीत पान ठेवलं. कावळा आला. तो मात्र अगदी वेळेवर."

हा विनोद होता. चार दिवसांतला सगळ्यात चांगला विनोद त्याने केला आणि कुणी हसलं नाही.

"दीडपर्यंत थांबलो. गुरुजींना पुढे दुसरीकडे जायचं होतं. पानं रिकामी कशी ठेवायची, म्हणून शेजाऱ्यांना हाक मारली. तो, त्याची बायको, त्याचा भाऊ. बरोबर तीन. जेवता जेवता त्याने परत घराचं विचारलं." तो थांबला. "मी हो म्हटलं."

आता माझं सांगतो, कारण टाळण्यात अर्थ नाही. खडवलीच्या घरी तारीखच असते, त्याला कुठून कळणार. ठाणे तर स्वतःच्या मुलाचा वाढदिवस दवाखान्याच्या नोंदवहीत बघतो. पण मी पत्रिका छापतो. माझ्या हातून गेलेल्या प्रत्येक पत्रिकेवर तारखेच्या आधी तिथी असते. शुद्ध की वद्य ते मी स्वतः तपासतो, चुकलं तर लोक पूर्ण गठ्ठा परत आणतात. दुकानात पंचांग डोक्यावर टांगलेलं आहे. हात वर करून पान उलटायचं, एवढंच काम होतं. त्या मंगळवारी दीड वाजता, ज्या वेळी तो दाराकडे बघत बसलेला, त्या वेळी आम्ही नौपाड्यात समोसे खात त्याला कसं हसवायचं ते ठरवत होतो.

"आम्ही विसरलो नव्हतो रे," मी म्हटलं.

"हो, ते आता कळतंय," तो म्हणाला. आमच्या तीन वरणभातांकडे हात करून म्हणाला, "तेव्हा नाही कळलं. वर्षभर तुम्ही तिचा एकदाही शब्द काढला नाहीत. मला वाटलं, संपलं ह्यांच्यापुरतं. माणसं किती दिवस लक्षात ठेवणार. राग नाही आला. खरंच नाही आला. फक्त वाटलं की मग इथेच कशाला."

त्याने जेवण पूर्ण केलं. अन्न टाकणाऱ्यातला तो नाही. आम्हीही जेवलो. वरण चांगलं होतं असं मला नंतर काकूंनी सांगितलं.

संध्याकाळी आम्ही चौघं पाण्याच्या कडेने चालत गेलो, खाडी जिथे समुद्राला मिळते तिथपर्यंत. ओहोटी होती. चालता चालता ठाण्याने सुरुवात केली. म्हणाला, वहिनींच्या दाढेचं रूट कॅनल मी केलं तेव्हा त्यांनी मला अर्धा तास तोंड उघडं ठेवून हातवाऱ्यांनी सांगितलं की तुझ्या दवाखान्याच्या पडद्याला धुवायची गरज आहे. कल्याण म्हणाला, "घरी येऊन मला म्हणाली, पडद्यावरचा डाग वरणाचा आहे." मग खडवली बोलला. त्याच्या आईच्या आजारपणात वहिनी रोज दुपारी गाडीने खडवलीला जायच्या, त्याची शाळा सुटेपर्यंत आईपाशी बसायच्या, आणि हे त्याने आम्हाला आजवर सांगितलं नव्हतं. कल्याणला ठाऊक होतं, पण तोही कधी बोलला नव्हता. मी जिन्यातला खिशांचा प्रसंग सांगितला, वहिनींचा आवाज काढून. आवाज काढताना घाबरलो होतो. कल्याण हसला. ह्या वेळी तो थांबला नाही. वाळूत बसून हसला, डोळे पुसत हसला, आणि मग नुसते डोळे पुसत राहिला. आम्ही तिघं त्याच्याभोवती उभे होतो. पाणी आमच्या घोट्यांपर्यंत येऊन जात होतं.

"जाऊ नकोस," खडवली म्हणाला. "माझ्याकडे ये राहायला. खोली आहे वरची."

कल्याणने मान हलवली. "शेजाऱ्याला शब्द दिलाय. आणि मुलीला तर जास्त. ती फोनवर रडली रे. बाबा, खरंच येताय ना, असं तीनदा विचारलं तिने. आता परत नाही कसं म्हणू?"

"आम्ही तिला सांगतो," ठाणे म्हणाला.

"काय सांगणार? की माझ्या मित्रांनी कॅलेंडर बघितलं नाही?"

खडवलीने हात देऊन त्याला उठवलं, आणि आम्ही परत फिरलो.

रविवारी परत निघालो. गाडीत तो पुढे बसला आणि बराच वेळ वहिनींबद्दलच बोलत राहिला. त्यांनी शिवण शिकायचं ठरवलेलं आणि मशीन आणून दोन वर्षं त्यावर कुंड्या ठेवलेल्या. एकदा भांडून त्या स्टेशनापर्यंत गेल्या आणि पेरू घेऊन परत आल्या. वर्षभराचं साचलेलं होतं सगळं. आम्ही मध्ये मध्ये विचारत होतो, मग, पुढे काय झालं. थँक्यू त्याने एकदाही म्हटलं नाही. शिळफाट्याला नेहमीसारखी गर्दी लागली, गाड्या तासभर जागच्या हलल्या नाहीत, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं की ही गर्दी सुटू नये.

त्याला सोडायला आम्ही वर गेलो. कुणी न सांगता खिसे उलटे केले.

पुढच्या बुधवारी रजिस्ट्रेशनच्या ऑफिसात कल्याणच्या घराचा करार होता. दोन साक्षीदार लागतात. त्याने मला आणि ठाण्याला विचारलं. खडवलीला शाळा होती, तरी तो रजा टाकून आला. साडेदहाचं सांगितलेलं असताना आम्ही साडेनऊलाच पोहोचलो, ऑफिसचं शटरही वर गेलेलं नव्हतं. कल्याण रिक्षातून उतरला, आम्हाला तिघांना फुटपाथवर ओळीने उभं बघितलं आणि म्हणाला, "एवढ्या लवकर? दुकान लुटायचंय का?"

आत एका टेबलावर संगणक, त्यावर छोटा कॅमेरा, बाजूला अंगठा ठेवायची पेटी. तिथे बसलेल्या बाई पस्तिशीच्या, दिवसाला शंभर अंगठे घेऊन वैतागलेल्या. शेजाऱ्याचं झालं. तो आनंदात होता आणि ते लपवायचा प्रयत्न करत होता, भला माणूस. मग कल्याण बसला. कॅमेऱ्याकडे सरळ बघितलं, अंगठा ठेवला, सही केली. सहीखालची रेघसुद्धा नीट ओढली. उठून बाजूला उभा राहिला.

"साक्षीदार," बाई म्हणाल्या.

ठाणे बसला. ह्या माणसाने हजारो दात उपटलेत, समोरचा किंचाळत असताना ह्याच्या चेहऱ्यावरची रेष हलत नाही. तो बसला, कॅमेऱ्याकडे बघितलं, आणि त्याचा चष्मा धुरकटला. त्याने काढून पुसला, परत लावला. परत तेच. बाई म्हणाल्या, चष्मा काढून बसा. काढला तर आणखी पंचाईत, डोळ्यांतलं सगळं दिसायलाच लागलं. त्यांनी दोनदा बटण दाबलं, दोन्ही फोटो हलले. म्हणाल्या, तुम्ही जरा बाजूला व्हा, दुसऱ्यांचं घेते. मी बसलो. मी तयारीने बसलो होतो, मनात एक चांगलं वाक्य होतं, बाईंना हसवणार होतो. तोंड उघडलं आणि खालचा ओठ माझं ऐकेना. मागे उभा असलेला खडवली, ज्याची सही लागतही नव्हती, भिंतीकडे तोंड करून सूचना फलक वाचत होता, आणि त्याची पाठ हलत होती.

बाईंनी माझ्याकडे बघितलं, ठाण्याकडे बघितलं, मग आमच्या तिघांच्या मध्ये कोरड्या डोळ्यांनी उभ्या असलेल्या कल्याणकडे बघितलं. पेन खाली ठेवलं. आणि सगळ्या ऑफिसला ऐकू जाईल अशा आवाजात त्यांच्या तोंडून निघून गेलं:

"अहो काका, घर तुमचं चाललंय, आणि रडतायत साक्षीदार?"